भंडारीसाहेबांच्या जागी

कर्नल तायडे कोणाच्याही घरी गेले की बसण्याआधी विचारायचे, "इथं कोण बसतं?" अख्खा सोफा मोकळा असला तरी हा प्रश्न ठरलेला. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, "कोणी नाही बसत हो, बसा आरामात." तरी ते उभेच. "तसं नाही मॅडम. प्रत्येक घरात एक जागा कोणाची तरी असते. ती सोडून सांगा." शेवटी मी वैतागून त्यांना दाराजवळचा वेताचा बुटका मोढा दाखवला. त्यानंतर ते कायम त्या मोढ्यावरच बसले. सोफ्यावर त्यांना बसवायचे माझे सगळे प्रयत्न फुकट गेले.

लखनौच्या वृंदावन योजनेत आमची घरं समोरासमोर होती. मी इथल्या एका संशोधन संस्थेत झाडापाल्यावर काम करून निवृत्त झालेले, ते सैन्यातून. मूळचे अकोल्याकडचे. उंची बेताची, अंगकाठी शिडशिडीत, चालणं मात्र असं की सोबतच्या माणसाला धाप लागावी. कर्नल म्हटलं की डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं, त्यातलं काहीही त्यांच्यात नव्हतं. मिशीसुद्धा नव्हती. बोलणं वऱ्हाडी, त्यात फौजेतली हिंदी मिसळलेली. घरी मुलगी बंगळूरहून फोन करायची, हे मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची आणि दोघांचं छान चालायचं.

मी जात्याच तापट. निशातगंजच्या बाजारात कोणी रांगेत मध्ये घुसलं की माझा आवाज चढायचा. कर्नलसाहेब सोबत असले तर पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणायचे, "काहून रागावून राहिल्या? रागानं नुसता दम लागते. चढ तर तेवढाच राहते." मला हे वाक्य अजिबात आवडायचं नाही. ज्या माणसाशी जग इतकं वाईट वागलं, त्यानं मला राग आवरायला शिकवावं, हेच मला मुळात पटत नव्हतं. आजही पटत नाही.

जग त्यांच्याशी कसं वागलं ते मला कळलं, तेही भलत्याच माणसाच्या तोंडून. छावणीजवळच्या एका शाळेत कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे डेहराडूनहून आलेले कर्नल भंडारी. "चला, आमच्या सीओसाहेबांना ऐकायला जाऊ," असं म्हणत कर्नलसाहेबांनी स्वतः मला आणि त्यांच्या बायकोला, सुषमावहिनींना, गाडीत घातलं. सीओ म्हणजे पलटणीचा प्रमुख. कर्नलसाहेबांची कॉलर त्या दिवशी जरा ताठच होती.

भंडारी दिसायला देखणे होते, हे मान्य करायला हवं. उंच, पांढऱ्या मिशा, आणि आवाज असा की माइकची गरज नाही. त्यांनी उत्तरेकडच्या डोंगरातल्या लढाईची गोष्ट सांगितली. वरून हुकूम आला होता, ताबडतोब शिखरावर चढाई करा. तोफा अजून खालीच होत्या. "मैंने कह दिया, तोपों के बिना मेरे लड़के ऊपर नहीं जाएँगे." ऐन लढाईत त्यांना पदावरून काढलं आणि दुसरा सीओ पाठवला. फौजेत रिवाज आहे, सीओ पलटण सोडून निघाला की त्याच्या जीपला दोर बांधतात आणि जवान ती हातांनी ओढत बाहेर नेतात. "मेरे लड़के रोते हुए रस्सी खींच रहे थे. अचानक उन्होंने देखा, रस्सी पर एक हाथ उस आदमी का भी है जो मेरी जगह लेने आया है. लड़कों ने रस्सी छोड़ दी. वहीं के वहीं." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारी कर्नल तायडेही टाळ्या वाजवत होते.

बाहेर पडताना मी तावातावानं विचारलं, "कोण हो तो निर्लज्ज माणूस?"

"मी," कर्नलसाहेब म्हणाले. "गाडी तिकडं उभी आहे, इकडून चला."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत भंडारी आले, तायडेंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कैसे हो, सुधाकर?" आणि उत्तर यायच्या आत पुढे गेले. कर्नलसाहेब सावधान उभे होते. सत्तरीला टेकलेला माणूस, शाळेच्या पोर्चमध्ये, आजूबाजूला मुलं समोसे खातायत, आणि हा सावधान.

त्यानंतर मी त्यांचा पिच्छा पुरवला. ते मोढ्यावर बसले की मी विषय काढायचेच. ते टाळायचे, वहिनी टाळायच्या नाहीत. दोघांकडून तुकड्यातुकड्यानं जे कळलं ते असं. तायडे याच पलटणीत नवे लेफ्टनंट म्हणून आले तेव्हा भंडारी तिथे मेजर होते. डोंगरात चालायला त्यांनीच शिकवलं. पुढे लढाईच्या वेळी तायडे दूर कुठल्याशा कार्यालयात टेबलावर होते. एके दिवशी हुकूम आला, जा आणि भंडारींच्या जागी पलटण ताब्यात घे. फौजेत अशा हुकुमाला नाही म्हणता येत नाही.

"मग दोराला हात कशाला लावायला गेलात?" मी विचारलं.

"गेला हात," ते म्हणाले. "माझेही सीओ जाऊन राहिले होते ना, मॅडम! मी त्यांच्याच हाताखाली वाढलो. दोर समोर दिसला, पोरं ओढून राहिली होती. मले वाटलं, आपणही ओढावं. मी कोणाच्या जागी आलो, हे तेवढ्या वेळापुरतं विसरूनच गेलो, बाप्पा."

दोराच्या सगळ्यात पुढे हवालदार रामलखन होता, रायबरेलीकडचा. त्यानं मागे वळून पाहिलं, नव्या सीओचा हात पाहिला आणि दोर सोडला. त्याच्या मागोमाग सगळ्यांनी सोडला. जीप चढावर तशीच थांबली. पलटणीनं त्यातून अर्थ असा काढला की या माणसाला खुर्चीची इतकी घाई की जुन्या साहेबांना हा स्वतःच्या हातानं ओढून बाहेर काढतोय. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं, रस्सीवाला. कर्नलसाहेब मात्र रामलखनचं नाव निघालं की म्हणायचे, "काय जवान होता! माझ्यासाठी कोणी असा दोर सोडला असता तर मी धन्य झालो असतो."

आता पुढचं ऐका, कारण हे भंडारींनी त्या शाळेत सांगितलं नाही आणि कुठेच कधी सांगितलं नाही. तायडेंनी जागेवर जाऊन चढ पाहिला आणि त्यांना कळून चुकलं की भंडारी बरोबर आहेत. तोफांशिवाय वर जाणं म्हणजे पोरं मारणं. पण तेही सरळ नाही म्हणाले असते तर त्यांनाही काढलं असतं आणि तिसरा कोणीतरी आला असता, ज्यानं हुकूम जसाच्या तसा पाळला असता. म्हणून निरोपाच्या आदल्या संध्याकाळी ते भंडारींना म्हणाले, "सर, बेत तुमचाच चालवतो. तुम्ही फक्त बाहेर कुठं बोलू नका." आणि मग या माणसानं जे केलं ते मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. यानं मूर्खपणाचं सोंग घेतलं. आज म्हणे माझा नकाशा चुकीचा आलाय. उद्या म्हणे वाट नीट समजली नाही, पुन्हा बघून येतो. परवा आणखी काही. वरचे साहेब फोनवर शिव्या घालायचे, हे "येस सर, सॉरी सर" करायचे. पलटणीतली पोरं आपसात हसायची, नवीन सीओला नकाशा वाचता येत नाही म्हणून.

"इतका अपमान?" मी म्हटलं.

"मूर्ख माणसाला लोक शिव्या देतात, पण वेळही देतात," ते म्हणाले. "शहाण्याला वेळ कोणी देत नाही."

तोफा वर आल्या. मग त्यांना नकाशा एकदम वाचता यायला लागला. चढाई झाली, शिखर हाती आलं. काही पोरं गेली. तोफांशिवाय गेली असती त्या मानानं थोडी. पण गेली. शिखरावर झेंडा लागला आणि थोड्याच दिवसांत तायडेंची बदली झाली, दिरंगाईचा ठपका ठेवून. वरच्यांनी त्यांना माफ केलं नाही, कारण त्यांनी उशीर केला. पलटणीनं माफ केलं नाही, कारण ते भंडारींच्या जागी आले. बढती तिथंच थांबली. पलटणीत गोष्ट रूढ झाली ती अशी, की बेत भंडारीसाहेबांचा, शौर्य जवानांचं, आणि मध्ये एक रस्सीवाला येऊन गेला.

"तुमच्या जीपला कोणी दोर बांधला?" मी विचारलं होतं.

"जीप कुठली? रेशनच्या ट्रकमधून खाली आलो. ट्रक ओढणं कोणाला जमणार होतं, मॅडम?" आणि हसले.

मला हसू आलं नाही. माझा राग वरच्या साहेबांवर नाही, ते तर असेच असतात. माझा राग भंडारींवर आहे. लढाई चालू होती तोवर गप्प राहिले, समजू शकते. तसं तायडेंनीच सांगितलं होतं. पण लढाई संपली, दोघं निवृत्त झाले, केस पांढरे झाले, तरी गप्प? शाळाशाळांतून दोराची गोष्ट सांगत हिंडायचं, टाळ्या घ्यायच्या, आणि ज्याच्यामुळे आपला बेत खरा ठरला त्याच्या खांद्यावर हात ठेवून "कैसे हो सुधाकर" म्हणत पुढे निघून जायचं? एक वाक्य बोलायला काय लागत होतं? मी हे म्हटलं की कर्नलसाहेब मोढ्यावरून उठायचे. "माझ्या सीओविषयी असं बोलायचं नाही, मॅडम," म्हणायचे आणि चहा अर्धा टाकून घरी जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे.

आमच्या मराठी मंडळातही त्यांचं काही फार कौतुक नव्हतं. गणपतीत व्याख्यानाला कोणाला बोलवावं यावर चर्चा चालली होती, मी त्यांचं नाव सुचवलं. एक सद्गृहस्थ हळूच म्हणाले, "तायडे? अच्छा, अच्छा. त्यांना तिथून काढलं होतं ना? असं होतंच हो, वर कसे चढले ते पाहिलं की." त्या 'कसे'मध्ये काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं आणि प्रत्येकानं प्रसादाच्या ताटाकडे पाहिलं. मी त्या गृहस्थांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी मंडळात गेलेले नाही.

कर्नलसाहेबांना या कशाचंच दुःख नव्हतं, असं ते म्हणत. एका गोष्टीचं होतं. लढाई जिंकली की पलटणीत बडाखाना होतो. सगळे एकत्र जेवतात, आणि त्या दिवशी अधिकारी स्वतःच्या हातानं जवानांना वाढतात. त्या विजयाचा बडाखाना झाला तेव्हा तायडेंची बदली होऊन गेली होती. "एकदा पलटणीला आपल्या हातानं वाढायचं राहिलं," ते म्हणायचे. दरवर्षी पलटणीचा दिवस साजरा होतो, जुन्या सगळ्या सीओंना आमंत्रण जातं. यांना कधीच आलं नाही. वहिनींनी विचारलं तर म्हणायचे, "पत्ता बदलला ना आपला." पत्ता कधीचा तोच होता.

मग गेल्या वर्षी पलटण लखनौलाच आली. दिवाळीआधी सोहळा इथल्या छावणीत होणार, म्हणजे घरापासून जवळच. कर्नलसाहेबांनी स्वतःहून काही म्हटलं नाही, पण ब्लेझर ड्रायक्लीनला गेला. पलटणीच्या टायला इस्त्री झाली. फोन वाजला की ते जरा जास्तच हळू चालत जायचे, घाई नाही असं दाखवायला. सोहळा चार दिवसांवर आला तरी काही नाही. भंडारी प्रमुख पाहुणे असल्याचं मात्र कोणीतरी सांगितलं.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी फोन आला. मी तिथेच होते. पलटणीतला कोणी तरुण कॅप्टन अतिशय नम्रपणे बोलत होता. भंडारीसाहेब अचानक आजारी पडलेत, डेहराडूनला रुग्णालयात आहेत. त्या लढाईतला दुसरा सीओ म्हणून तुम्ही त्यांच्या जागी येऊ शकाल का?

कर्नलसाहेबांनी फोन ठेवला. मी उसळलेच. "पुन्हा त्यांच्या जागी? अजिबात जायचं नाही! इतकी वर्षं आठवण झाली नाही, आता खुर्ची रिकामी पडली तर तुम्ही?" वहिनीही पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलल्या, "अहो, नका जाऊ. लाज नाही वाटत या लोकांना?"

"पलटण बोलावून राहिली," ते म्हणाले. "कोणाच्या जागी, ते विचारणं आपलं काम नाही. सुषमा, भंडारीसाहेबांच्या घरी फोन लाव आधी. तब्येत कशी आहे ते विचारू."

आम्ही तिघं गेलो. मंडपात पुढे जुने सैनिक बसले होते, पदकं लावून. तायडेंचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या वाजल्या त्या तरुणांच्या. पहिल्या दोन रांगांतल्या म्हाताऱ्यांचे हात मांडीवरच होते. त्यांच्यात एक उंच, टक्कल पडलेला माणूस हाताची घडी घालून बसला होता. तो रामलखन, आता निवृत्त सुभेदार. ते मला वहिनींनी सांगितलं.

कर्नलसाहेब माइकसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी नकाशाची गोष्ट सांगतील. त्यांनी आधी भंडारीसाहेबांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितली. मग एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. चढाईत गेलेल्या पोरांची नावं, गावासकट, हातात कागद नाही. काही गावं इतकी लहान की मागून कोणीतरी "हाँ, हमारे उधर का" असं हळूच म्हणालं. नावं संपली. ते म्हणाले, "प्लान भंडारी साहब का था. जीत आप लोगों की है. लेकिन इनको ऊपर भेजने का हुक्म मैंने दिया था. इसलिए ये सब मेरे हैं. और कुछ भी मेरा नहीं." आणि येऊन बसले.

 टाळ्या वाजल्या नाहीत. निवेदकानं घसा खाकरून पुढचा कार्यक्रम जाहीर केला. मी माझ्या खुर्चीत रडत होते आणि रडताना मला भयंकर राग येत होता, त्यांच्यावरसुद्धा. आपल्याकडे बोट दाखवायची संधी सगळ्यांना आयती द्यायची ही कुठली पद्धत?

मग बडाखाना. कर्नलसाहेबांनी ब्लेझर काढून वहिनींकडे दिला, बाह्या सरसावल्या आणि खिरीच्या पातेल्याशी उभे राहिले. तरुण जवान आले, त्यांना काय माहीत, "थँक यू सर" म्हणत खीर घेऊन गेले. म्हातारे रामलखनच्या मागून आले, आणि रामलखन खिरीच्या पातेल्यापर्यंत येऊन, क्षणभर थांबून, ताट तसंच घेऊन पुढे गेला. मागचेही गेले. कर्नलसाहेबांच्या हातात डाव होता, भरलेला. त्यांनी तो पुढच्या पोराच्या वाटीत ओतला.

परत येताना मी गाडीत तोंडाला येईल ते बोलत होते. ते म्हणाले, "पोरं जेवली ना पोटभर? झालं तर मग."

भंडारी थंडीत गेले. कर्नलसाहेब धुक्यातून डेहराडूनला जाऊन आले. त्यांच्या सीओला खांदा द्यायचा होता. मी म्हटलं, या वयात, या थंडीत कशाला? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तो विषयच सोडला. तिकडून आले ते खोकला घेऊनच. खोकल्याचा न्यूमोनिया झाला आणि माघ सरता सरता तेही गेले. घरी भिक्खू आले, त्रिशरण झालं, मुलगी आली. पलटणीकडून एक पुष्पचक्र आलं. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात 'काही काळ पलटणीचे प्रमुख' असं छापलं होतं. 'काही काळ'! त्या दोन शब्दांसाठी मी संपादकाला फोन केला. तिकडून कोणीतरी म्हणालं, जागा कमी होती.

चौथ्या दिवशी सकाळी तायडेंच्या दारात एक उंच माणूस उभा दिसला, कानाला मफलर, हातात पिशवी. रायबरेलीहून पहिल्या बसनं आलेला रामलखन. शेजारचे गुप्ताजी मला कुजबुजत विचारत होते, "ये कौन हैं?" ते त्यानं ऐकलं. ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "हमारे सीओ साहब का घर है ये. हम उनकी पलटन के हैं."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "किसके सीओ साहब?"

"तायडे साहब, मैडम. भंडारी साहब जब तक ज़िंदा थे, हमारे सीओ वो थे. दो-दो को कैसे मानते? वो गए, तो फिर यही थे न."

"आणि हे त्यांना सांगितलं?" मी ओरडलेच, हिंदीसुद्धा विसरले. "ते जिवंत असताना सांगितलं?"

त्याला मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न कळला. त्यानं मान खाली घातली.

"सोचा था होली पर आएँगे, तब सलाम कर लेंगे," तो म्हणाला.

होळी पुढच्याच आठवड्यात होती.